चार नंबरचा ठोका

गाडी गॅरेजच्या दारात वळली तेव्हाच आवाज कानावर आला. टक्-टक्-टक्, ॲक्सिलरेटर दिला की भराभर पडणारा, थोडा जड. 25 वर्षांची पेट्रोल गाडी, चार सिलिंडर, ॲल्युमिनियमचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) आणि त्याला बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरमधला धूर बाहेर नेणारा नळ. काका उतरले आणि म्हणाले, "बघ रे, फार खडखडतेय."

जुन्या गाडीचा मालक ‘खडखड’ म्हणतो तेव्हा त्यात बहुतेक वेळा दोन-तीन आवाज एकत्र असतात. म्हणून मी आधी ‘कुठून येतो’ हे विचारत नाही, ‘कधी येतो’ हे विचारतो. चालू केल्या केल्या दोन सेकंद इंजिनातली साखळी वाजते की कायम? क्लच दाबला की येतो की सोडला की? फक्त खड्ड्यात की उभ्या गाडीतही? ‘कुठून’चं उत्तर मालकाकडे नसतं, ‘कधी’चं असतं, कारण तो रोज ऐकत असतो. काकांनी उत्तर दिलं, "सकाळी जास्त असतो. पुढे बरा होतो." मी मान हलवली आणि बॉनेट उघडलं. सकाळी सगळंच जास्त वाजतं, एवढंच मनात आलं. चूक तिथेच झाली.

इंजिन अजून कोमट होतं, काका जवळच राहतात. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर आणि मूठ कानाला लावून एकेका सिलिंडरपाशी ऐकलं. चौथ्यापाशी ठोका सगळ्यात स्पष्ट. मग नेहमीची परीक्षा: इंजिन चालू ठेवून इन्सुलेशनच्या पकडीने एकेका प्लगची वायर काढून इंजिनच्या धातूला टेकवायची. त्या सिलिंडरमध्ये स्फोट होत नाही, म्हणजे पिस्टनचा दणका त्याच्या खालच्या दांड्यावर, कनेक्टिंग रॉडवर, येत नाही. रॉडचं बेअरिंग झिजलं असेल तर त्याच सिलिंडरची वायर काढल्यावर ठोका मरतो. एक, दोन, तीन काढून बघितल्या, काही फरक नाही. चौथी काढली आणि आवाज निम्म्याहून कमी झाला.

मी हात पुसले आणि काकांना फोन केला (ते तोवर घरी गेले होते). सांगितलं की चार नंबरचं बेअरिंग गेलेलं दिसतंय, ऑइल सम्प (इंजिनच्या बुडाचं तेलाचं भांडं) उतरवावा लागेल, इंजिन खोलायची वेळही येऊ शकते. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग म्हणाले, "बघ, तुला योग्य वाटेल ते कर."

सम्प उतरवण्याआधी ऑइलचं प्रेशर मोजून ठेवायची मला सवय आहे. संध्याकाळी गेज लावला, इंजिन चालू केलं आणि पंखा फिरेपर्यंत चालू ठेवलं. प्रेशर गरम इंजिनलाही उत्तम. तेवढ्याने बेअरिंग निर्दोष ठरत नाही, पण मन खटकलं. आणि गेजकडे बघता बघता लक्षात आलं, की आपण काहीच ऐकत नाही आहोत. ठोका बंद झाला होता.

हे बेअरिंगच्या स्वभावात बसत नाही. इंजिन तापलं की ऑइल पातळ होतं, झिजलेल्या बेअरिंगमधली फट भरून काढायची त्याची ताकद कमी होते, ठोका वाढतो. थंडीत वाजणारे आणि गरम झाल्यावर गप्प होणारे आवाज निराळे: पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटतो तो, कारण तापून फुगला की तो घट्ट बसतो. किंवा एक्झॉस्टची गळती, कारण मॅनिफोल्ड फुगून फट बुजवतो. आणि गळतीचा आवाजही त्या सिलिंडरची वायर काढली की कमी होतो! स्फोटच नाही तर फुसकारा कुठला? एवढी वर्षं जी परीक्षा मी डोळे मिटून करत आलो, ती दोन वेगळ्या आजारांना एकच उत्तर देते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या दिवशी आठवलं नाही, इतकंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन चालू केलं आणि रबरी नळीचा एक तुकडा कानाला लावून दुसरं टोक मॅनिफोल्डच्या कडेने फिरवलं. चौथ्या सिलिंडरच्या टोकाला कानात फट्-फट् हवा आली. उष्णता अडवणारा पत्रा उचलून टॉर्च मारली तर हेडवर काजळीचा काळा ओघळ, आणि शेवटच्या स्टडवर (मॅनिफोल्ड हेडला धरून ठेवणाऱ्या आट्यांच्या दांड्यावर) नटच नाही. स्टड हेडच्या पातळीलाच तुटलेला.

टोकाचेच स्टड का तुटतात, याचा हिशेब सोपा आहे. मॅनिफोल्ड अर्धा मीटर लांब धरला आणि 500 अंशांनी तापला, तर बीड अडीच मिलिमीटरच्या वर वाढतं. हेडला पाणी फिरतं, ते शंभराच्या आसपासच राहतं, त्याची वाढ मिलिमीटरच्या आत-बाहेर. मधल्या स्टडना हा फरक जाणवत नाही, टोकाच्यांना रोज वाकावं आणि परत सरळ व्हावं लागतं. स्टडचं तुटलेलं तोंड बघितलं तर दोन तृतीयांश भाग काळा पडलेला आणि एका कडेला चमकदार चंद्रकोर. म्हणजे चीर जुनी होती, उरलेलं लोखंड अलीकडे गेलं.

आता खरं काम. मॅनिफोल्ड काढायचा म्हणजे उरलेले सात नट सुटले पाहिजेत, आणि त्यातला एकही स्टड तुटता कामा नये. आदल्या रात्री कोमट इंजिनवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवायला हवं होतं. मारलं नव्हतं, कारण मी सम्पच्या नादात होतो. मग आत्ता मारलं आणि दुपारपर्यंत दुसऱ्या गाडीला हात लावला. मधून मधून जाऊन प्रत्येक नटच्या डोक्यावर हातोडीने टकटक. जोरात नाही, कंपनाने गंजात बारीक चिरा पडतील आणि तेल आत शिरेल इतपतच.

नट खोलताना मी सहा कोनांची गोटी (नटवर बसणारा सॉकेट) वापरतो. बारा कोनांची गोटी गंजलेल्या नटचे कोपरे खाते. आणि आधी सोडवायच्या दिशेला नाही, घट्ट करायच्या दिशेला किंचित. करकर झाली की मग उलटं. हाताखालच्या पोराला मी हे शब्दांत शिकवू शकलो नाही, त्याचा हात माझ्या हाताखाली ठेवून शिकवलं. सुटणारा नट ‘कट्’ करून सुटतो, पान्याला एकदम मोकळीक मिळते. तुटणारा स्टड तसं करत नाही. तो मऊ लागतो. पाना फिरतोय, पण ओल्या कणकेत फिरल्यासारखा. तसं जाणवलं की थांबायचं, पाव फेरा मागे, तेल, थोडं पुढे, परत मागे. सहा नट असे आले. सातव्याचे कोपरेच गेले होते, त्याला छन्नीने फोडला.

उरला तुटलेला स्टड. 8 मिलिमीटरचा, हेडमध्ये रुतलेला. भोक पाडून उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घालायचा मोह होतो, पण तो इतका कडक असतो की आतच मोडला तर त्याला ड्रिलही लागत नाही. शिकाऊ असताना मी एक मोडलाय. उस्तादांनी तेव्हा काही म्हटलं नाही, ते दिवसभर माझ्याशी बोललेच नाहीत.

म्हणून वेल्डिंग. आधी तेल पुसून कोरडं केलं. स्टडच्या तोंडावर मोठा वायसर, त्यावर नट, आणि नटच्या भोकातून टाका भरत वर यायचं. टाका पोलादाला धरतो, ॲल्युमिनियमला धरत नाही, हे आपलं नशीब. पहिला नट टाक्यासकट निघून आला. दुसऱ्याने थोडा जोर घेतला आणि तुटला. पोरगा म्हणाला, "दादा, आता हेडच काढावं लागतंय." मी काही बोललो नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं. पण प्रत्येक टाक्याने स्टड लाल होत होता, फुगून गंज चिरडत होता, निवल्यावर आकसत होता. तिसरा नट भरला. पाण्याचा थेंब चरचरेल इतकाच गरम राहिल्यावर स्टडच्या बुडाशी मेणबत्ती टेकवली. मेण वितळून कडेने आत ओढलं गेलं. पाना लावला. केसभर हलला. परत मागे. किर्र आवाज झाला आणि आमच्या दोघांचा श्वास एकदम सुटला.

आटे 1.25 मिलिमीटरचे, आत सोळाएक मिलिमीटर दांडा, म्हणजे तेरा फेरे. त्याला अर्धा तास लागला.

बाकीचं भराभर झालं. हेडमधले आटे साफ करायला त्यांतून टॅप फिरवला, स्टड सगळेच नवे, तांब्याचा मुलामा असलेले नट, हेड आणि मॅनिफोल्डमध्ये नवं गॅस्केट, आणि मधून सुरुवात करून टोकांकडे घट्ट करत गेलो. संध्याकाळी इंजिन चालू करायचं नाही, असं पोराला दोनदा बजावलं. आवाज थंडीतलाच होता, तेव्हा निकालही थंडीतच लागणार होता.

सकाळी काका हजर. चावी त्यांनाच फिरवायला दिली. ठोका नाही. फक्त टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) बारीक टिकटिक, ती या वयात शोभते. ॲक्सिलरेटर दिला, आणि मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास पत्र्यासारखी ‘झर्र’ आली. काकांचा चेहरा पडला. मी लाकडी दांडक्याने उष्णतेचा पत्रा दाबला, आवाज गेला. सोडला, परत आला. बोल्टचं भोक गंजून मोठं झालं होतं. ही झर्र आधीही असणार, ठोक्याखाली ऐकू येत नव्हती. मोठा वायसर घालून पाच मिनिटांत बंद केली.

काका गाडीत बसले, काच खाली केली.

"मग परवा फोनवर म्हणालास ते बेअरिंग?"

"ते चांगलं आहे, काका."