फ्रीजरमधलं आलं गोठलेलंच किसा

फ्रीजरमध्ये ठेवलेलं आलं बिघडतं ते बहुतेक वेळा शेवटच्या पाच मिनिटांत. स्वयंपाकाला सुरुवात करताना तुकडा बाहेर काढून ओट्यावर ठेवला जातो, कांदा चिरून होईपर्यंत तो मऊ पडतो आणि मग किसणीवर नुसते दोरे उरतात. ताज्या आल्यात साधारण ऐंशी टक्के पाणी असतं. गोठताना त्याचे स्फटिक होतात आणि आल्याच्या पेशी फाटतात. आलं कडक असेपर्यंत हे जाणवत नाही. वितळलं की पाणी सुटतं आणि तुकडा लिबलिबीत होतो. तेच आलं टणक असताना बारीक भोकांच्या किसणीवर घासलं, तर रेषासुद्धा आखूड तुटतात आणि बर्फाच्या गोळ्यासारखा भुसभुशीत किस पडतो. जुनं, रेषाळ आलं एरवी किसताना हात दुखवतं. गोठवल्यावर ते ताज्यापेक्षा सोपं जातं.

गोठवायला आलं कोणतं घ्यायचं, यावर बरंच अवलंबून आहे. आपल्याकडे सातारा, छत्रपती संभाजीनगर, जालना या भागांत आल्याची लागवड एप्रिल-मेमध्ये होते आणि पीक तयार व्हायला आठ-नऊ महिने लागतात. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत बाजारात पूर्ण भरलेलं आलं मिळतं. साठवायची खरेदी तेव्हाच करावी. पावसाळ्यात भाव चढतो (2023 साली तर किलोला दोनशेच्या वर गेला होता) आणि माल ओला असल्याने लवकर कुजतो. गड्डा हाताला जड लागला पाहिजे, साल ताणलेली हवी आणि बोट मोडलं की कट्कन आवाज आला पाहिजे. सुरकुतलेलं आलं गोठवून सुधारत नाही. कोवळं, पातळ सालीचं आलं लोणच्यासाठी छान, पण त्याला तिखटपणा कमी असतो. गोठवायला भरलेलं जुनंच घ्या. कापल्यावर आत निळसर-करडी कडा दिसली तर घाबरू नका. काही जातींचा तो नैसर्गिक रंग आहे. मऊ डाग, बुरशी किंवा कुबट वास असेल तर मात्र सरळ टाकून द्या.

धुण्यात घाई नको. बोटांच्या बेचक्यांत माती अडकलेली असते, म्हणून गड्डे आधी मोडून सुटे करा, दहा मिनिटं पाण्यात भिजत ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. मग सुती फडक्यावर पंख्याखाली तासभर तरी पसरून ठेवा. साल वरून कोरडी दिसली तरी बेचक्यांत ओल राहते, ती बोटाने चाचपून बघा. राहिलेल्या पाण्याचा फ्रीजरमध्ये बर्फ होतो, तुकडे एकमेकांना चिकटतात आणि एक हवा असताना सहा हातात येतात.

अख्खे तुकडे सालीसकट ठेवावेत असं माझं ठाम मत आहे. सालीमुळे आलं सुकत नाही आणि किसायच्या वेळी लागेल तेवढ्याच भागाची साल सुरीच्या धारेने खरवडली की निघते. दोन पेरांएवढे तुकडे करा. यापेक्षा मोठा ठेवला तर किसून उरलेला भाग हातात वितळू लागतो. सगळे तुकडे ताटलीत सुटे मांडून चार-पाच तास गोठवा, मगच झिपच्या पिशवीत भरा आणि दाबून हवा काढा. ती पिशवी झाकणाच्या डब्यात ठेवली तर आइस्क्रीमला आल्याचा वास लागत नाही. पिशवीवर तारीख लिहा. फ्रीजर उणे 18 अंशांवर स्थिर असेल तर पाच-सहा महिने चव चांगली राहते. एक दरवाजाच्या फ्रिजमधला वरचा कप्पा बहुतेकदा इतका थंड नसतो. तिथे दोन महिन्यांचा हिशोब धरा. ज्या फ्रिजमध्ये बर्फ साचत नाही, त्याचा फ्रीजर अधूनमधून स्वतःला थोडा गरम करून बर्फ वितळवतो. सैल बांधलेलं आलं तिथे लवकर कोरडं आणि पांढरट पडतं. ते खाल्लं तर काही होत नाही, फक्त वास गेलेला असतो.

किसताना तुकडा फडक्यात धरा, बोटं गारठत नाहीत. किस ताटलीत पाडा, उकळत्या भांड्यावर धरून पाडू नका. वाफेने किसणी ओली होते, किस भोकांत चिकटून बसतो आणि उरलेला तुकडाही घामेजतो. काम झालं की तुकडा लगेच आत. मापाचंही लक्षात ठेवा: गोठलेला किस हवेने फुगलेला असतो, तेव्हा ताज्या आल्याचा एक चमचा लागतो तिथे हा दीड ते दोन चमचे घ्या. दोन कप चहाला अर्धं पेर पुरतं.

चहाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. कच्च्या आल्यात दुधातली प्रथिनं तोडणारा एक घटक असतो आणि तो गोठवल्याने मरत नाही, उकळल्याने मरतो. कोमट दुधात किस घातला तर चहा फाटू शकतो. आलं पाण्यात टाकून दोन-तीन मिनिटं खळखळ उकळा, मग पावडर, साखर आणि शेवटी दूध. हाच घटक मटणाला मऊ करतो, त्यामुळे गोठवलेलं आलं मुरवणीलाही तितकंच उपयोगी. फक्त आल्याचं प्रमाण जास्त करून रात्रभर ठेवलं तर मटणाचा वरचा थर पिठूळ होतो.

रोजच्या भाजी-आमटीला वाटण बरं पडतं. पाव किलो सोललेल्या आल्याला अर्धा चमचा मीठ आणि दोन मोठे चमचे तेल घालून वाटा. पाणी टाळा. तेलामुळे वाटण दगड होत नाही आणि फोडणीत कमी उडतं. वाटायच्या आधी आल्याच्या आडव्या, पातळ चकत्या करा; उभे तुकडे टाकले तर रेषा लांब राहतात आणि मिक्सरच्या पात्याला गुंडाळतात. वाटण झिपच्या पिशवीत भरून लाटण्याने अर्ध्या सेंटिमीटरचा थर करा आणि गोठवण्याआधी सुरीच्या पाठीने चौकोनांच्या खुणा पाडा. लागेल तेव्हा एक चौकोन मोडून घेता येतो. बर्फाच्या ट्रेपेक्षा ही पद्धत मला जास्त आवडते, कारण ट्रेच्या एका खणातलं वाटण चार माणसांच्या भाजीला बरेचदा जास्त होतं. वाटण तीन महिन्यांत संपवावं. वाटलेल्या आल्याला हवा जास्त लागते, म्हणून वास लवकर उतरतो. लसूण घातली असेल आणि वाटण हिरवट झालं तर ते खराब झालेलं नाही. मात्र तेलातलं कच्च्या लसणीचं वाटण ओट्यावर बाहेर ठेवू नका, त्यात धोकादायक जंतू वाढू शकतात. गोठलेला चौकोन थेट कडकडीत तेलात टाकला तर तडतडून अंगावर उडतो. कांदा मऊ झाल्यावर, आच कमी करून घाला.

काही ठिकाणी गोठवलेलं आलं नकोच. कोशिंबिरीतल्या उभ्या चिरलेल्या काड्या, लिंबात मुरवलेलं आलं, जिथे करकरीतपणा हवा तिथे ताजंच. आलेपाकाला चालतं, पण पाणी सुटत असल्याने मिश्रण जास्त वेळ आटवावं लागतं आणि वड्या मऊ राहण्याची शक्यता असते. मठ्ठ्याला मात्र फार छान. किस घालून दहा मिनिटं ठेवला की रस आपोआप उतरतो, मग गाळून घ्यायचं.

वीज जाऊन आलं वितळलं तर पुन्हा गोठवू नका. अजून गार असेल तर मुठीत धरून पिळा. पेशी आधीच फाटलेल्या असल्याने मिक्सरशिवाय भरपूर रस निघतो. तो मधाबरोबर घ्या किंवा आमटीत घाला. उरलेला चोथा चहाच्या पाण्यात उकळायला टाका.