लिंबू टोचलेला चाकू

खिशात चाकू नसला की मला चप्पल न घालता निघाल्यासारखं वाटतं. वरूडकडच्या संत्रापट्ट्यातल्या माणसाला यात काही नवल नाही. कधी सुतळी, कधी ठिबकची नळी, कधी खताच्या पोत्याची शिवण. काहीच नसलं तर बांधावर बसून खायचा पेरू. खुद्द संत्र्याला मात्र चाकू लागत नाही, ते नखानंच सोलतात.

पहिला चाकू आबाजींचा. ते शेंदुरजनाघाटला कलमा बांधायला जात. जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा बसवायचा तर सालीला इंग्रजी 'टी'सारखी चीर द्यावी लागते. साल उघडली पाहिजे, पण आतल्या लाकडाला घाव नको. त्याला पातं वस्तऱ्यासारखं हवं. आबाजी ते रोज दगडावर लावत. लावून लावून शेवटी ते इतकं झिजलं, की घडी घातल्यावर मुठीत कुठं गेलं ते शोधावं लागे.

आता बिस्किटांच्या डब्यात सतरा चाकू आहेत. चाकू जमवतो म्हटलं की लोकांना सिनेमातला खटक्याचा रामपुरी आठवतो. माझ्याकडचा एकही तळहाताबाहेर जात नाही. नखापुरत्या खाचेत नख घालून उघडायचे, मिटताना मुठीतल्या पट्टीनं 'टक्' म्हणायचं. त्या आवाजासाठीच मी आठवडी बाजारात लोहाराच्या पालाशी तास तास उभा राहतो. त्यातलाच एक म्हशीच्या शिंगाच्या मुठीचा. पाहुणा एकच, फ्रान्सचा ओपिनेल. आल्प्समधल्या साव्वा भागात जोसेफ ओपिनेलनं १८९० मध्ये तो घडवला. उघडं पातं अडवणारी फिरती कडी १९५५ ची. पावसाळ्यात त्याची लाकडी मूठ फुगते आणि पातं निघता निघत नाही. आमच्या उन्हाळ्यात तो सैल होतो. परदेशी असून त्याला इथली हवा माझ्या गुडघ्यांइतकीच कळते.

मागच्या वर्षी पुतण्याचं लग्न होतं. हळद लागल्यावर नवरदेवाच्या हातात कट्यार देतात, टोकाला लिंबू टोचून. घरातली कट्यार नेमकी सापडेना. वहिनी माझ्या खोलीच्या दारात.

"भाऊजी, तुमच्या डब्यातला एखादा द्या ना जी. दोन दिवसाचा तं प्रश्न हाये."

वहिनीला नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. दिवाळीपासून घासून आरसा केलेला तो शिंगाचा चाकूच गडबडीत तिच्या हाती गेला. परत आला तेव्हा अर्धं पातं काळंनिळं. कार्बन स्टीलला लिंबाचं आम्ल लागलं की असंच होतं. चिंचेनं होतं, कांद्यानंही होतं. आणि हा काळा थर पुढं तांबडा गंज थोडाफार अडवतोही. हे मीच चार लोकांना सांगत असतो, तरी त्या रात्री जेवण गेलं नाही. कट्यार दुसऱ्या दिवशी लोणच्याच्या बरणीमागे सापडली.

पॉलिशची डबी काढून ठेवली होती. हात काही लागला नाही.

परवा नवी सूनबाई डबा उपसत बसली होती. सतरांतून नेमका तोच उचलला.

"काकाजी, हा आमचा ना जी?" म्हणाली, आणि त्यानंच पेरू चिरायला घेतला.