औषधाला मेदाची शेपटी का लावत नाहीत?

फार्मसी कॉलेजात शिकवते म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. औषधाला फॅटी अॅसिड जोडलं की ते पेशीत सहज शिरतं ना, मग सगळ्याच औषधांना का जोडत नाहीत? परवा एका विद्यार्थिनीने तोच विचारला, पण तिच्या मामांना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे आणि जेमसिटाबिन हे कॅन्सरचं औषध चालू आहे. म्हणून नीट सांगते.

जेमसिटाबिन पाण्यात रमणारं, पेशीचं आवरण मेदाचं. त्यातून आपलं आपण शिरणं त्याला जमत नाही. आवरणातलं एक वाहक प्रथिन त्याला आत नेतं. काही गाठींत हे प्रथिन कमी असतं. त्यावर तोड म्हणून औषधाला इलायडिक अॅसिडची 18 कार्बनची शेपटी जोडली. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटमध्ये असतं तेच हे अॅसिड. वाहकाशिवाय आत शिरायचं, आतल्या एन्झाइमने शेपटी तोडायची, की औषध मोकळं.

शेपटीने काय होतं ते मी वर्गात दाखवते. एका टेस्ट ट्यूबमध्ये पाणी आणि व्हिटॅमिन सी: दोनदा हलवलं की विरघळलं. दुसरीत अॅस्कॉर्बिल पाल्मिटेट, म्हणजे तेच व्हिटॅमिन, 16 कार्बनची शेपटी लावलेलं. कितीही हलवा, पांढरी पूड पाण्यावर तरंगते, काचेला चिकटते, भिजतसुद्धा नाही. मुलं हसतात. मग मी विचारते, आता हे शिरेतून कसं द्याल? हा पेच खरा आहे. शेपटी लांब झाली की औषध पाण्यात उतरत नाही, आवरणातच अडकून बसू शकतं.

(लिराग्लुटाइड या मधुमेहाच्या औषधाला 16 कार्बनची शेपटी आहे, पण ती पेशीत शिरण्यासाठी नाही. ती रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहते, म्हणून औषध दिवसभर टिकतं.)

शेपटीच्या जेमसिटाबिनची साध्याशी तुलना स्वादुपिंडाचा कॅन्सर पसरलेल्या 367 रुग्णांमध्ये झाली. निष्कर्ष 2013 साली छापून आले. नवं औषध सरस ठरलं नाही. ज्यांच्या गाठींत वाहक कमी होता त्यांच्यातही नाही. प्रयोगशाळेतल्या पेशींत ते छान शिरत होतं. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

तिचा खरा प्रश्न मग बाहेर आला: "मॅडम, मामांना जुनंच देतायत का?" नाही गं, म्हटलं, त्यांना मिळतंय ते कमी प्रतीचं नाही. तो पेपर तिला दिला नाही. त्यात किती महिने जगले त्याचे आकडे आहेत.