मधलं एक मिनिट

सकाळी साडेनऊला वनरक्षकांचा फोन आला. कराडच्या पश्चिमेला कोयनाकाठच्या एका गावात ऊसतोड चालू होती. फड निम्म्याहून जास्त तुटला होता आणि सरीत, पाचटावर, बिबट्याची दोन पिल्लं सापडली होती. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बिबट्याचा फोटो गावाच्या नावासकट फिरला की दुसऱ्या दिवशी बांधावर मोटारसायकलींची रांग लागते.

माझं काम कॅमेऱ्यांचं. वनविभागाला लागेल तिथं ट्रॅप कॅमेरे, म्हणजे समोरून काही गेलं की आपोआप फोटो काढणारे, लावायचे आणि त्यांची कार्डं वाचायची. जंगलात लावायचे म्हटलं तर सोपं असतं, घाई नसते. इथं बारा कोयत्यांची टोळी बांधावर बसून होती, ट्रॅक्टर उभा होता आणि शेतमालक एकच वाक्य घोळवत होते, "पाळी गेली तर कारखाना पुन्हा कधी देणार तोड?"

पिल्लांचे डोळे नुकते उघडले होते. पशुवैद्यकांनी तपासली, गोचिड्या काढल्या, वजन घेतलं. संध्याकाळी ती त्याच सरीत प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवायची आणि सगळ्यांनी लांब जायचं. मादी अंधार पडला की येते, मानगुटीला धरून पिल्लू नेते. एका खेपेत एकच. नेलं ते तिनंच की कुत्र्या-कोल्ह्यानं, हे कळायला कॅमेरा.

माझ्या पेटीत दोन जातींचे कॅमेरे होते. पांढऱ्या फ्लॅशच्या कॅमेऱ्यात रात्रीही ठिपके रंगासकट स्वच्छ येतात, ओळख पटवायला त्याच्यासारखा नाही. पण पिल्लांजवळ आलेल्या आईच्या तोंडावर वीज कशी चमकवायची? म्हणून इन्फ्रारेड, डोळ्याला जवळपास न दिसणाऱ्या उजेडाचा. त्यातही ८५० नॅनोमीटर तरंगलांबीवाल्याचा उजेड लांब जातो, पण त्याचे दिवे मंद लाल दिसतात. ९४० वाल्याचा उजेड जवळपास दिसतच नाही, चित्र मात्र भुरकट येतं. मी ९४० वाला निवडला. ती निवड बरोबर होती. चूक दुसरीकडे झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रेटमध्ये एकच पिल्लू. कार्ड काढून बांधावरच लॅपटॉप उघडला. रात्री ८ वाजून ४७ मिनिटांच्या फोटोत दोन पिल्लं. ८ वाजून ४८ च्या फोटोत एक. मध्ये काहीच नाही.

आदल्या महिन्यात हाच कॅमेरा डोंगरावरच्या पाऊलवाटेवर होता. तिथं बॅटरी वाचवायला मी दोन फोटोंमध्ये एक मिनिटाचा विराम लावला होता, तो बदलायचा राहिला. या कॅमेऱ्याच्या सेन्सरला प्राणी दिसत नाही. पार्श्वभूमीपेक्षा वेगळी ऊब समोरून हलली की तो जागा होतो. जानेवारीच्या थंडीत पिल्लंच वळवळली, त्यांच्याच उबेनं फोटो निघाला आणि पुढचं एक मिनिट कॅमेरा मिटून बसला. आई आली ती त्या मिनिटात. आली असावी, एवढंच मी म्हणू शकत होतो.

"कुत्र्यानं नेलं असणार," मालकांचा पुतण्या ठामपणे म्हणाला.

मी पुढचे फोटो सरकवले. १० वाजून २२ मिनिटं. क्रेटवर वाकलेली दोन पोरं, हातात मोबाईलचे टॉर्च. त्यातला एक हाच पुतण्या. वनरक्षकांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मादी दुसऱ्या खेपेला का आली नाही, याचं उत्तर बहुधा तेच होतं.

वनपालांनी आणखी एक रात्र द्यायची ठरवली. मुकादम बीडकडचे, बोलायला तिखट. "साहेब, आमचा खाडा कोण भरून देणार?" प्रश्न रास्त होता, माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी मालकांनी टोळीला दुसऱ्या रानात लावलं आणि दिवस निघाला.

त्या संध्याकाळी मी घाई केली नाही. कॅमेरा उसाला बांधत नाहीत, वाऱ्यानं डुलतो. लोखंडी अँगल ठोकला आणि त्याला गुडघ्याच्या उंचीवर, क्रेटपासून चार मीटरवर कॅमेरा आवळला. समोरची पानं विळ्यानं काढली, नाहीतर दुपारी तापलेलं एकेक पान फोटो काढत बसतं. रोख असा ठेवला की उभ्या उसातून ती आडवी जाईल. नाकासमोरून चालत येणारा प्राणी सेन्सरला उशिरा कळतो. सेल नवे लिथियमचे. चार्ज होणारे सेल मी डोंगरावर वापरतो, पण ते १.२ व्होल्टचे, त्यामुळे काही कॅमेरे भरलेल्या सेललाही अर्धे रिकामे समजतात. विराम शून्य. फोटोऐवजी व्हिडिओ. मग घड्याळ तपासलं, आणि खाली उतरून पुन्हा एकदा तपासलं.

पांढऱ्या फ्लॅशचा एकच कॅमेरा शिल्लक होता. तो दीडशे मीटरवर, ओढ्याकडे जाणाऱ्या बांधावर लावला. पुतण्याला वनरक्षकांनी रात्रभर स्वतःजवळ, रस्त्यावर राखणीला बसवलं.

सकाळी क्रेट रिकामं. व्हिडिओ पहाटे ४ वाजून १० मिनिटांचा. ती उसातून येते, क्रेटचा वास घेते, थांबते. एकदा थेट कॅमेऱ्याकडे बघते. मग मान आत घालते, पिल्लू उचलते आणि आली तशी जाते. सगळं मिळून चौदा सेकंद. टोळीतल्या एका बाईनं तो तीनदा बघितला. तिचं स्वतःचं पोर बांधावरच्या झोळीत होतं. "माय हाय ना ती," एवढंच म्हणाली आणि कोयता उचलला.

बांधावरच्या कार्डात पाचशेच्या वर फोटो होते, बहुतेक हलणाऱ्या गवताचे. याचं मला आता काही वाटत नाही. २०१८ च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले, फोटो निघाले ३ कोटी ४८ लाखांवर. त्यात वाघांचे ७६,६५१ आणि बिबट्यांचे ५१,७७७. आमच्या पाचशेत एक निघाला, पण काय निघाला! तोंडात पिल्लू, उजवी कूस पूर्ण, ठिपका न् ठिपका मोजावा असा.

गेल्या वर्षी त्याच ओढ्यावर एक मादी मिळाली होती. तीच का ही? घरी येऊन जुना फोटो शेजारी लावला. बिबट्याच्या दोन्ही कुशींचे ठिपके सारखे नसतात, म्हणून गणनेत कॅमेरे समोरासमोर जोडीनं लावतात. जुन्या फोटोत डावी कूस होती.