भोकराचा चीक

फेब्रुवारीतली दुपार, पनामात बोकेतेला एका कॉफीच्या मळ्यात उभी होते, आणि खरं सांगायचं तर कंटाळले होते, हौस सगळी नवऱ्याला. वर बारू ज्वालामुखी म्हणे, ३४७४ मीटर, पण दिसतोय कुठला, बाहारेके चालू. म्हणजे धड पाऊस नाही धड धुकं नाही, ऊन असतानाच वाऱ्यावर भुरभुरत येतं, छत्री उघडायला लाज वाटते आणि तासाभरात ओढणी ओली. मळेवाला म्हणाला, हे लाल फळ दाबून बघा. दाबलं तर दोन बिया सुळकन बाहेर, वर असा बुळबुळीत चीक की मी थेट आजीच्या पडवीत.

भोकरं! लोणच्यासाठी बिया काढायचं काम आम्हा पोरांकडे, बोटांना मीठ चोळून बसायचं तरी चिकटायचंच. पिकलेल्या भोकराने मी इतिहासाचं फाटकं पुस्तक चिकटवलं होतं, शिवाजी महाराजांच्या धड्याला मुंग्या लागल्या.

इथे मीठबीठ नाही. बिया टाकीत आंबवतात, मग मूठभर चोळून बघायच्या, खरखरीत लागल्या की धुवायला घ्यायच्या. आणि चिकासकट वाळवल्या तर त्याला म्हणे ‘हनी’. आजी असती तर म्हणाली असती, आळसाला नाव बघा केवढं गोड!

झाड गेशा जातीचं. नाव जपानी गेइशासारखं, पण जपानशी संबंध नाही, मूळ इथिओपियाचं, १९५३ ला कोस्टा रिकात आलं आणि तिथून पुढे पनामात. तांबेऱ्यापुढे टिकेल म्हणून लावलं पण पीक जेमतेम, म्हणून पडून होतं बिचारं. मग एस्मेराल्दा मळ्याच्या पीटरसन मंडळींनी त्याच्या बिया वेगळ्या काढून चव घेतली, आणि २००४ च्या लिलावात पाउंडाला २१ डॉलर! तेव्हा लोक तोंडात बोट घालून बघत राहिले, आताचे भाव तर मी नवऱ्याला विचारलेच नाहीत.

कप हातात आला. पातळ, मोगऱ्यासारखा वास. मी जन्माची चहावाली, भीतभीत म्हटलं, चहासारखी लागते हो. तर मळेवाला इतका खूश झाला की आणखी एक कप ओतला, आता काय बोलणार.

बोटं अजून चिकटच होती. पाणी कुठे मिळेल म्हणून मागे वळले तर एक न्गोबे, म्हणजे इथल्या आदिवासी जमातीची बाई, पायघोळ नागुआ झगा, कमरेला टोपली, फांदीवरची हिरवी सोडून फक्त लाल फळं खुडत होती. मजुरी डब्यावर मोजतात, किती डबे भरले त्यावर. तिने बोटं झग्याला पुसली आणि पुढची फांदी खाली ओढली.