पायऱ्यांचा आलेख: घरच्या संगणकातील एका मेमरी लीकची नोंदवही

६ जून

दोन आठवड्यांत घरचा संगणक दुसऱ्यांदा गोठला. पहिल्यांदा २३ मे रोजी तो असाच थिजला होता, तेव्हा मी त्याचा दोष उन्हाळ्याला देऊन विषय सोडून दिला. या वेळी मात्र नोंद ठेवायचे ठरवले आहे.

यंत्र जुनेच आहे: चार कोअरचा डेस्कटॉप, ८ जीबी रॅम, २ जीबी स्वॅप (रॅम भरल्यावर डिस्कवर वापरायची जागा), डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आणि त्यासोबत येणारा ६.१ मालिकेतील कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा. घरातील फोटोंचा साठा आणि गच्चीवरील तापमान व पावसाच्या सेन्सरची नोंद घेणारी एक पायथन स्क्रिप्ट त्यावर असल्यामुळे तो दिवसरात्र चालू असतो. राउटर हॉलमध्ये आणि संगणक आतल्या खोलीत, त्यामुळे जोडणी यूएसबी वायफाय डोंगलवरून घेतली आहे. या डोंगलचा ड्रायव्हर (त्याला चालवणारा प्रोग्राम) कर्नलमध्ये नाही. त्याचा सोर्स उतरवून डीकेएमएस या साधनाच्या मदतीने तो दर नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो. ही शेवटची गोष्ट मी इथे केवळ तपशील म्हणून लिहिली असून तिच्याकडे पुढचे दोन आठवडे माझे लक्षही गेले नाही.

दोन्ही वेळा लॉगमध्ये मेमरी संपल्याची ओळ आहे आणि तिच्या खाली ब्राउझरची प्रोसेस (चालू प्रोग्राम) मारल्याची नोंद आहे. त्यावरून ब्राउझरच दोषी, असा निष्कर्ष काढून मी त्याची सारी एक्स्टेन्शन्स काढून टाकली. नंतर विचार केल्यावर ही घाई झाल्याचे लक्षात आले. मेमरी संपल्यावर कर्नल जी प्रोसेस मारतो ती मुख्यतः तिने त्या क्षणी किती मेमरी धरली आहे हे पाहून निवडतो, आणि कर्नलने स्वतःसाठी घेतलेली मेमरी कोणत्याच प्रोसेसच्या खात्यावर मांडलेली नसते. म्हणजे जो मारला गेला तो फक्त सर्वांत लठ्ठ होता, एवढेच सिद्ध होते.

दुसरी चूक याहून बाळबोध होती. एक पूर्ण रात्र मी मेमटेस्ट चालवण्यात घालवली. चार फेऱ्यांत एकही दोष निघाला नाही आणि निघणारही नव्हता, कारण ती चाचणी रॅमच्या चिपा सदोष आहेत का ते तपासते. गळती हा हिशेबाचा दोष असतो: जागा मागून घेतली जाते, काम होते, आणि परत करायची राहून जाते.

१४ जून

आधी स्वतःच्या स्क्रिप्टवरील संशय फेडून घेतला. पायथनमध्ये ३.४ आवृत्तीपासून मेमरीचा माग ठेवणारे ट्रेसमॅलॉक आहे. त्याने चोवीस तासांच्या अंतराने घेतलेल्या दोन चित्रांतील फरक काही केबींपलीकडे गेला नाही, तेव्हा स्क्रिप्ट सुटली.

त्यानंतर साधी बेरीज करून पाहिली आणि इथे पहिल्यांदा काही हाती लागले. बेरजेसाठी टॉप या साधनातला रेसचा (प्रोसेसने व्यापलेल्या रॅमचा) स्तंभ घेऊ नये, कारण अनेक प्रोसेस वापरतात ती मेमरीची सामाईक पाने, म्हणजे छोटे ठोकळे, त्यात प्रत्येकीच्या नावावर पुन्हा पुन्हा मोजली जातात. एसमेम हे साधन पीएसएस हा आकडा देते, ज्यात सामाईक पानांचा भार वाटून घेतलेला असतो. त्या हिशेबाने सर्व प्रोसेस मिळून २.१ जीबी भरल्या. टेम्पएफएस (रॅममध्येच ठेवलेल्या तात्पुरत्या फाइली) वगैरेंची सामाईक मेमरी १६० एमबी होती. प्रत्यक्षात मात्र, फाइलींची कॅशे वगळून, ४.९ जीबी व्यापलेली दिसत होती. अडीच जीबीहून अधिक जागेला कोणी मालकच नव्हता.

कॅशे वगळून, हे मुद्दाम सांगतो. रिकामी रॅम कमी दिसते म्हणून गळती आहे असे समजणारे अनेक जण भेटतात आणि मीही एकेकाळी त्यांत होतो. लिनक्स रिकामी जागा फाइलींच्या कॅशेसाठी वापरतो आणि गरज पडताच सोडून देतो. म्हणूनच २०१४ मध्ये कर्नलच्या ३.१४ आवृत्तीत मेमइन्फो या मेमरीच्या हिशेबाच्या फाइलीत ‘मेमअव्हेलेबल’ (गरज पडल्यास मिळू शकणारी मेमरी) ही ओळ आली आणि पाहायचा आकडा तोच आहे. माझ्याकडे तोही घसरत होता.

मेमइन्फोमध्येच खाली ‘एसअनरिक्लेम’ ही ओळ आहे: कर्नलने स्वतःच्या स्लॅबमध्ये घेतलेली, टंचाईतही परत न घेता येणारी मेमरी. माझ्या यंत्रावर बूट केल्यावर तो आकडा १५० एमबीच्या आसपास असतो आणि आज तो २.५ जीबी होता. हरवलेले सारे इथे होते.

स्लॅबची, म्हणजे कर्नल स्वतःसाठी मेमरीचे तुकडे वाटतो त्या पद्धतीची, रचना ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. घरात एकात एक बसणाऱ्या डब्यांचा संच असतो तसे कर्नल ठरावीक मापांचे तुकडे तयार ठेवतो. पाच केबी मागितले तर आठ केबींचा डबा मिळतो. यातील काही डबे, उदाहरणार्थ फाइलींच्या नावांची कॅशे, मेमरीची टंचाई झाली की रिकामे करता येतात, आणि त्यांचा हिशेब वेगळा असतो. उरलेले डबे ज्याने नेले त्यानेच परत आणायचे असतात. कॅशे टाकून देण्याची प्रसिद्ध आज्ञा देऊनही माझा आकडा जागचा हलला नाही, तो याच कारणाने. स्लॅबटॉप उघडल्यावर सर्वांत वर ‘केमॅलॉक-८के’ दिसले: सुमारे ३ लाख १० हजार तुकडे, प्रत्येकी ८ केबी. कर्नलमधील कोणीतरी आठ केबींचे डबे नेत होता आणि परत आणत नव्हता.

आता दर पाच मिनिटांनी एसअनरिक्लेम आणि केमॅलॉक-८केची संख्या वेळेसह लिहून ठेवणारी चार ओळींची स्क्रिप्ट क्रॉनला (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या साधनाला) लावली आहे.

२२ जून

आठ दिवसांचा आलेख काढला. गळती म्हटल्यावर संथ चढत जाणारी तिरकी रेषा दिसेल अशी माझी अपेक्षा होती, पण दिसल्या त्या पायऱ्या. कित्येक तास, एकदा तर सलग दोन दिवस, रेषा सपाट आहे. मग अचानक ती तासाला सुमारे १७० एमबी या चालीने चढते, दीड-दोन तासांनी थांबते आणि पुन्हा सपाट होते. खाली मात्र ती कधीच येत नाही.

चढाची वेळ बहुधा संध्याकाळची होती. रात्री साडेदहाचा बॅकअप एका चढाशी जुळला म्हणून मी तो हाताने तीनदा चालवून पाहिला, तर एकही तुकडा वाढला नाही. फोटोंची लघुचित्रे करणारे काम आणि पेनड्राइव्हवर मोठ्या फाइली नेणे, हेही तपासून झाले.

उलगडा आईच्या बोलण्यातून झाला. आलेख पाहून तिने विचारले, “गुरुवारी एवढं काय झालं?” मी म्हटले, माहीत नाही, संध्याकाळी सहानंतर काहीतरी झाले. ती म्हणाली, “गुरुवारी तर लाईट गेली होती. माझी मालिका बुडाली ना.” आमच्या रत्नागिरीत पावसाच्या तोंडावर वाऱ्याने फांद्या पडतात आणि वीज जाते, यात नवल काही नाही. संगणकाचा प्लग इन्व्हर्टरवर आहे, त्यामुळे संगणकाला वीज गेल्याचा पत्ताही लागत नाही. मात्र टीव्ही आणि राउटर हॉलमधील ज्या बोर्डावर आहेत तो इन्व्हर्टरला जोडलेला नाही. राउटरला स्वतःचा छोटा यूपीएस आहे, पण त्याची बॅटरी मे महिन्यापासून जेमतेम वीस-पंचवीस मिनिटे टिकते.

जर्नल, म्हणजे संगणकाचा लॉग, पुन्हा चाळले. आतापर्यंत मी त्यात केवळ ‘एरर’ आणि ‘मेमरी’ हेच शब्द शोधत होतो. या वेळी वायफायची जोडणी तुटल्याच्या ओळी शोधल्या आणि त्यांच्या वेळा आलेखाशेजारी मांडल्या, तर प्रत्येक चढ जोडणी तुटताच सुरू होत होता आणि जोडणी परत येताच थांबत होता. अपवाद एकही नाही.

२४ जून

वेळा जुळल्या म्हणजे कारण सापडले असे नाही, म्हणून लाईट जायची वाट न पाहता स्वतःच राउटर बंद करून पाहिला. पहिल्या प्रयोगात राउटर अर्धा तास बंद आणि डोंगल जोडलेला: केमॅलॉक-८केमध्ये जवळपास १० हजार ८०० तुकड्यांची, म्हणजे ८४ एमबींची भर पडली. दुसऱ्यात राउटर अर्धा तास बंद, पण डोंगल आधीच काढून ठेवलेला: भर शून्य. तिसऱ्यात राउटर चालू आणि वायफाय सॉफ्टवेअरमधून बंद: भर शून्य. तिसरा प्रयोग हा दुसऱ्याची पुनरुक्ती वाटेल, पण निव्वळ ‘जोडणी नसणे’ आणि ‘जोडणी नसताना ती शोधत राहणे’ या दोन गोष्टी वेगळ्या करण्यासाठी तो आवश्यक होता. (बाबांच्या मोबाईलवरील बातम्या या काळात बंद होत्या. त्यांचे मत येथे नोंदवत नाही.)

पहिल्या प्रयोगातील आकडा बोलका आहे. जोडणी तुटल्यावर डोंगल साधारण दर दहा सेकंदांनी परिसरातील नेटवर्कांचा शोध घेतो, म्हणजे अर्ध्या तासात १८० वेळा. १०,८०० भागिले १८० म्हणजे प्रत्येक शोधाला ६० तुकडे. आमच्या भोवती दाट इमारती असून यादीत तीसएक नेटवर्क कायम दिसतात. प्रत्येकाची घोषणा (‘मी इथे आहे’ असे सांगणारा वायफाय संदेश) सरासरी दोनदा कानावर पडते असे धरले, तर हिशेब तंतोतंत बसतो. ऐकलेली प्रत्येक घोषणा एकेक डबा घेऊन बसत होती.

शेवटची खात्री म्हणून ड्रायव्हरचे मॉड्यूल (कर्नलला जोडलेला त्याचा भाग) कर्नलमधून काढून टाकले. मॉड्यूल निघताना त्याच्याकडील सर्व मेमरी परत यायला हवी. आकडा तसाच राहिला, म्हणजे त्या तुकड्यांचे पत्तेच हरवलेले होते. आता रीबूटखेरीज ते परत मिळण्याचा मार्ग नव्हता.

२८ जून

डोंगलचा ड्रायव्हर दोषी हे कळले, पण त्याचा सोर्स हजारो ओळींचा असल्याने नेमकी जागा हवी होती. अशा कामासाठी केमेमलीक हे साधन २००९ पासून, २.६.३१ आवृत्तीपासून कर्नलमध्येच आहे. ते मेमरी चाळून ज्या तुकड्यांकडे कोणीही निर्देश करत नाही असे तुकडे शोधते. पण डेबियनच्या नेहमीच्या कर्नलमध्ये ते बांधलेले नसते, आणि या यंत्रावर नवा कर्नल बांधणे म्हणजे अर्धा दिवस पंख्याचा आवाज ऐकणे. त्याऐवजी स्लब (स्लॅब सांभाळणारा कर्नलचा भाग) डीबगचा सोपा मार्ग घेतला. बूटच्या ओळीत ‘स्लब_डीबग’ला यू हे अक्षर आणि केमॅलॉक-८के हे नाव दिले की फक्त त्याच मापाच्या प्रत्येक तुकड्यासोबत तो कोणी मागितला याची नोंद राहते. ती यादी डीबगएफएसमध्ये (कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या जागेत) स्लॅबच्या फोल्डरखाली ‘अलोक_ट्रेसेस’ या फाइलीत वाचता येते.

वाट पाहावी लागली नाही. त्याच संध्याकाळी लाईट गेली. ६ वाजून ५ मिनिटांनी राउटर मावळला आणि ७.५० ला परत आला. साडेआठला फाइल उघडली. सर्वांत मोठ्या ओळीत ३७ हजारांहून अधिक तुकडे, ड्रायव्हरच्या मॉड्यूलचे नाव आणि घोषणा स्वीकारणाऱ्या फंक्शनचे नाव होते. त्याच ओळीत तुकड्यांचे वयही असते. ते जिफ्फींमध्ये, म्हणजे कर्नलच्या घड्याळाच्या ठोक्यांत, मोजतात आणि डेबियनमध्ये सेकंदाला २५० जिफ्फी असतात. सर्वांत कोवळा तुकडा सुमारे ६ लाख जिफ्फींचा, म्हणजे चाळीस मिनिटांपूर्वीचा होता. सर्वांत जुना सुमारे २१ लाख ७५ हजारांचा, म्हणजे दोन तास पंचवीस मिनिटांपूर्वीचा. साडेआठातून वजा करून पाहावे: ७.५० आणि ६.०५. इतका स्वच्छ पुरावा मला या छंदात क्वचितच मिळाला आहे.

२ जुलै

फंक्शन जेमतेम ऐंशी ओळींचे आहे. ते आरंभी बफर (तोच आठ केबींचा डबा) मागते, आलेली घोषणेची चौकट त्यात उतरवते, प्रक्रिया करते आणि शेवटी बफर परत करते. पण मध्येच एक अट आहे: संगणक कोणत्याही नेटवर्कला जोडलेला नसेल आणि घोषणा आपल्या नेटवर्कची नसेल, तर पुढे काही करायचे कारण नाही, तेव्हा तिथूनच परतायचे. परतताना बफर सोडायचा राहिला आहे. जोडणी असताना ही अट कधीच खरी ठरत नाही, म्हणून गळतीही होत नाही.

दुरुस्ती दोन ओळींची निघाली. मधल्या परतीऐवजी शेवटच्या मोकळे करण्याच्या ओळीवर उडी घेतली आणि मॉड्यूल पुन्हा बांधले. सी भाषेत बाहेर पडण्याची एकच वाट ठेवून साफसफाई तिथेच करावी, ही कर्नलमधील जुनी प्रथा आहे. गोटूला, म्हणजे उडी मारण्याच्या आज्ञेला, नाके मुरडणाऱ्यांनी असे एखादे फंक्शन जरूर वाचावे.

१९ जुलै

सतरा दिवसांत लाईट तीनदा लांबली, एकदा तर सलग पाच तास. जुन्या चालीने त्या पाच तासांतच ८५० एमबी गेले असते. केमॅलॉक-८केचा आलेख आता एका आडव्या रेषेशिवाय काही दाखवत नाही आणि एसअनरिक्लेम १५० ते १७० एमबींच्या दरम्यान आहे.

दोन कामे उरली आहेत. डीकेएमएस सोर्सची नवी आवृत्ती घेईल तेव्हा माझा बदल पुसला जाईल, म्हणून तो पॅच फाइल (फक्त बदल नोंदवणारी फाइल) करून डीकेएमएसच्या कॉन्फिगरेशनमध्ये नोंदवायचा आहे. ज्यांचा सोर्स आहे त्यांच्याकडे पॅच पाठवला असून उत्तर आलेले नाही.

दुसरे काम राउटरच्या यूपीएसच्या बॅटरीचे. मे महिन्यापासून मरगळलेली ती ६ जूनच्या सुमारास बदलली असती तर राउटर बहुतेक वेळा चालू राहिला असता, संगणक पुन्हा गोठला नसता आणि त्याच सुमारास काढलेल्या एक्स्टेन्शन्सना मी आजही दोष देत राहिलो असतो. गेले तीन आठवडे मी ती मुद्दाम बदललेली नाही, कारण चाचणीसाठी राउटर बंद पडणे हवेच होते. हे कारण घरात कोणालाही पटलेले नाही. उद्या बॅटरी आणतो.