औषधाच्या दुकानातला दवाखाना नेमका कोणाला परवडतो?

अमेरिकेतील वैद्यकीय उपचार महाग आहेत, हे आता पुण्या-मुंबईच्या वाचकांना वेगळे सांगावे लागत नाही. मोठ्या शस्त्रक्रियेचा खर्च डोळे पांढरे करणारा असणार, हे सगळेच गृहीत धरून चालतात. इथे राहू लागल्यावर खरे बोचते ते मात्र किरकोळ दुखण्यांचे. कान ठणकतो आहे, घसा दुखतो आहे, लघवीला जळजळ होते आहे, अशा वेळी नेहमीच्या डॉक्टरांची भेट पुढच्या आठवड्यातली मिळते, चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिकची एक गोळीही कोणी देत नाही, आणि इमर्जन्सीत गेल्यास बिल किती होईल हे ते हातात पडेपर्यंत तिथल्या कोणालाही सांगता येत नाही. रिटेल क्लिनिक, म्हणजे औषधाच्या किंवा किराणा मालाच्या दुकानातच थाटलेला छोटा दवाखाना, ही कल्पना या कोंडीतून निघाली. ती गरिबांपर्यंत उपचार पोहोचवील असे वीसेक वर्षे सांगितले गेले. ते कितपत खरे ठरले, याविषयी हे टिपण आहे.

मी ज्या मिनेसोटा राज्यात राहतो, तिथेच या दवाखान्यांचा जन्म झाला. २००० साली मिनियापोलिस आणि सेंट पॉल परिसरात ‘कब फूड्स’ या किराणा दुकानांमध्ये ‘क्विकमेडेक्स’ नावाने पहिली केंद्रे सुरू झाली. मोजक्याच आजारांवर उपचार, सुरुवातीला विम्याची भानगड नाही, ३५ डॉलर रोख मोजा आणि औषधाची चिठ्ठी घेऊन जा, असा सरळ व्यवहार होता. पुढे त्याचेच नाव ‘मिनिटक्लिनिक’ झाले, २००६ मध्ये ‘सीव्हीएस’ या औषध दुकानांच्या साखळीने ते विकत घेतले आणि पाहता पाहता देशभर अशा केंद्रांची संख्या हजारावर गेली.

गेल्या हिवाळ्यात आई इथे आली असताना तिला लघवीचा त्रास सुरू झाला आणि अशा एका दवाखान्यात जाण्याची वेळ आली. शाम्पू आणि शुभेच्छापत्रांच्या रांगा ओलांडून मागे गेल्यावर कपड्यांच्या दुकानातल्या ट्रायल रूमपेक्षा थोडीशीच मोठी अशी एक खोली होती. बाहेरच्या पडद्यावर नाव, जन्मतारीख आणि तक्रार भरायची होती, आणि शेजारीच कोणत्या तपासणीला किती डॉलर पडतील याचा तक्ता लावलेला होता. आत डॉक्टर नव्हतेच. औषधे लिहून देण्याचा अधिकार असलेल्या, पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या परिचारिका, म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर, होत्या. त्यांनी ताप येतो का, थंडी वाजते का, पाठीत बरगड्यांच्या खाली दुखते का, हे आधी खोदून खोदून विचारले. यातल्या एकाचेही उत्तर ‘हो’ आले असते तर त्यांनी आम्हाला हात न लावता रुग्णालयात पाठवले असते, कारण संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला असल्याची ती लक्षणे आहेत. मग लघवीच्या नमुन्यात रंगीत चौकोनांची पट्टी बुडवून तिचे रंग डबीवरच्या तक्त्याशी ताडून पाहिले आणि चिठ्ठी थेट बाजूच्या काउंटरवर पाठवली. बाहेर पडताना आई म्हणाली, “आपल्या कोपऱ्यावरचे डॉक्टर तरी वेगळं काय करतात रे? फक्त ते भावाची पाटी लावत नाहीत.” आईचे म्हणणे मला पटले. आपल्याकडे गल्लीच्या तोंडावरचा दवाखाना आणि त्याला लागून असलेले मेडिकल स्टोअर ही जोडी इतकी जुनी आहे की अमेरिकेला तिचा नव्याने शोध लागला, याचे हसूच येते. पण अमेरिकेत ती पाटी हीच मोठी गोष्ट आहे. उपचाराआधी भाव सांगणारी दुसरी जागा मला तरी इथे क्वचितच भेटली.

हे दवाखाने स्वस्त का पडतात, याचे गणित सोपे आहे. कामाची यादी आखडती असते, डॉक्टरऐवजी नर्स प्रॅक्टिशनर असतात, यंत्रसामग्री जवळजवळ नसते, आणि जागा दुकानाचीच असते. दुकानाला त्यातून चिठ्ठीवरची औषधे आणि जाता जाता उचललेले दूध-अंडी एवढा धंदा मिळतो. स्वस्त म्हणजे हलक्या दर्जाचे, ही भीतीही फारशी खरी ठरली नाही. मिनेसोटातल्याच विमाधारकांच्या नोंदींवरून २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कानाचा, घशाचा आणि मूत्रमार्गाचा संसर्ग या तीन तक्रारींसाठी एकूण खर्च रिटेल क्लिनिकमध्ये सरासरी ११० डॉलर, डॉक्टरांच्या दवाखान्यात १६६, अर्जंट केअरमध्ये, म्हणजे वेळ न ठरवता जाता येणाऱ्या तातडीच्या दवाखान्यात, १५६ आणि इमर्जन्सीत ५७० डॉलर पडला होता, आणि उपचारांचा दर्जा पहिल्या तिन्ही ठिकाणी जवळपास सारखाच होता.

डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला, तो अपेक्षितच होता. बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २००६ मध्येच अशा ठिकाणी मुलांना नेऊ नये अशी भूमिका घेतली, कारण मुलाची पूर्ण हकिकत ठाऊक असलेल्या एका डॉक्टरशी असलेले नाते त्यामुळे तुटते. २००८ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने परवानगी दिली तेव्हा बॉस्टनचे महापौर टॉमस मेनिनो यांनी आजारी माणसांवर दुकानदारांनी पैसे कमवावेत याला उघड हरकत घेतली. मला पहिला आक्षेप अर्धाच पटतो. या दवाखान्यांत येणाऱ्यांपैकी साधारण साठ टक्के लोकांना नेहमीचा असा डॉक्टरच नव्हता, असे त्याच सुमाराच्या पाहणीत आढळले होते. जे नाते मुळात नाही ते तुटणार कसे? आणि महापौरांच्या हरकतीबद्दल बोलायचे तर, इथली रुग्णालये काही धर्मादाय वृत्तीने बिले पाठवतात असा माझा अनुभव नाही.

पैसे वाचतात, हा दावा मात्र पुढे लंगडा पडला. आरोग्य विम्याच्या आकडेवारीवरून २०१६ मध्ये असे दिसले की, या दवाखान्यांतल्या किरकोळ तक्रारींच्या भेटींपैकी ५८ टक्के भेटी नव्यानेच वाढलेल्या होत्या. म्हणजे ते लोक एरवी डॉक्टरकडे किंवा इमर्जन्सीत गेले नसते, घरीच आले-मधाचा चहा पिऊन बरे झाले असते. परिणामी एकूण खर्च घटण्याऐवजी दरमाणशी वर्षाला सुमारे १४ डॉलरने वाढला. या आकड्यावर बोट ठेवून रिटेल क्लिनिकना उधळपट्टी ठरवणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्या ५८ टक्क्यांमध्ये साधी सर्दी घेऊन आलेले लोक असतील, तसे परवडत नाही म्हणून एरवी दुखणे अंगावर काढणारेही असतील. विम्याच्या नोंदीत दोघे सारखेच दिसतात. पण “यामुळे देशाचा आरोग्यखर्च कमी होईल” असे जे छातीठोकपणे सांगितले जात होते, त्याचा आधार यातून निसटला, हे मान्यच करायला हवे.

खरी अडचण भूगोलाची आहे. दुकान गिऱ्हाईक पाहून उघडते, त्यामुळे दुकानातला दवाखानाही जिथे विमा असलेले, गाडी असलेले, बऱ्या उत्पन्नाचे लोक राहतात तिथेच आधी उघडतो. गरिबांसाठीच्या सरकारी विम्याचे, म्हणजे मेडिकेडचे, दर इतके कमी असतात की त्यावर अशा केंद्राचे पगारही निघणे कठीण असते. ‘वॉलमार्ट’चा प्रयोग याची साक्ष देतो. २०१९ मध्ये जॉर्जिया राज्यातील डॅलस या छोट्या गावात त्यांनी पहिले आरोग्य केंद्र उघडले. तिथे डॉक्टर, दंतवैद्य, एक्स-रे आणि प्रयोगशाळा असे सगळे एका छपराखाली होते, भाव जाहीर होते, आणि गिऱ्हाईकही सामान्य उत्पन्नाचे होते. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने आपली सर्व ५१ केंद्रे बंद करत असल्याचे जाहीर केले, आणि कारण दिले ते विम्याकडून मिळणाऱ्या तुटपुंज्या परताव्याचे आणि वाढत्या खर्चाचे. इतक्या मोठ्या दुकानदाराला हे जमले नाही, याचा अर्थ तो अकार्यक्षम होता असा मी लावत नाही. गरीब रुग्णाच्या उपचाराचे उरलेले पैसे कोणीतरी भरावे लागतात आणि दुकान ते भरू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

ते पैसे भरणारी व्यवस्था अमेरिकेत नाही असे नाही, फक्त तिच्या जाहिराती नसतात. केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या सुमारे १,४०० सामुदायिक आरोग्य संस्था तीन कोटींवर लोकांना सेवा देतात, आणि कायद्यानेच त्यांना उत्पन्नानुसार उतरते दर लावावे लागतात. मधुमेह, रक्तदाब, गरोदरपण ही लांब पल्ल्याची दुखणीखुपणी तिथेच सांभाळली जातात. रिटेल क्लिनिकला जितके कौतुक मिळाले त्याच्या चौथाई लक्ष या केंद्रांकडे गेले असते तर बरे झाले असते, असे मला राहून राहून वाटते.

शिवाय आता दुकानांचेच दिवस फिरले आहेत. ‘वॉलग्रीन्स’ या औषध दुकानांच्या दुसऱ्या साखळीने ऑक्टोबर २०२४ मध्ये तीन वर्षांत सुमारे १,२०० दुकाने बंद करण्याचे जाहीर केले, ‘सीव्हीएस’नेही शेकडो दुकानांना टाळे लावले. दुकान गेले की त्यातला दवाखानाही जातो, आणि आधी जातात ती कमी नफ्याच्या वस्त्यांमधली दुकाने. इथे नव्याने आलेले मराठी विद्यार्थी किंवा पाहुण्या आलेल्या आई-वडिलांची मुले मला विचारतात तेव्हा मी एवढेच सांगतो, की घसा, कान, लघवी, लस यांसाठी दुकानातल्या दवाखान्यात खुशाल जा आणि पावती जपून ठेवा, कारण पाहुण्यांच्या विम्याचे पैसे बहुधा मागाहून मिळतात. छातीत दुखणे, दम लागणे किंवा पाठीतल्या दुखण्यासह ताप असेल तर तिथे वेळ घालवू नका. आणि ज्यांच्याकडे विमाच नाही, त्यांना मी जवळच्या सामुदायिक आरोग्य केंद्राचा पत्ता शोधून देतो.